पाण्याचा नमुना : चूक बाटलीची, दोष विहिरीला

सरबत, आंब्याचा पल्प, बर्फ वा बेकरीचा माल तयार करणाऱ्या आमच्या व्यावसायिक बंधूंना परवान्याच्या कामी पाण्याचा तपासणी अहवाल जोडावा लागतो. अहवाल देते प्रयोगशाळा, परंतु त्याचा निकाल पुष्कळदा नळापाशीच लागलेला असतो. पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू सापडताच कामा नये, असे आयएस 10500 हे भारतीय मानक सांगते. इतक्या कडक कसोटीत नापास व्हायला मळक्या बोटाचा एक स्पर्शही पुरतो.

मिनरल वॉटरची रिकामी बाटली विसळून तीत पाणी भरून नेणारे आम्ही पाहिले आहेत. तसे करू नये. निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच मागून घ्यावी. तिच्या तळाशी चिमूटभर पावडर किंवा दोन थेंब द्रव दिसेल. घाण समजून ते धुऊन टाकू नये; ते सोडियम थायोसल्फेट होय. विहिरीत टीसीएल पावडर टाकलेली असली तर तिच्यातील क्लोरीन बाटलीतही जंतू मारीत राहतो आणि नळाशी जिवंत असलेले जंतू प्रयोगशाळेत दिसतच नाहीत. थायोसल्फेट त्या क्लोरीनला जागच्या जागी निकामी करते. आमच्या मते नापास अहवालापेक्षा असा खोटा पास अहवाल अधिक घातक, कारण तेच पाणी पुढे गिऱ्हाइकाच्या पोटात जाते.

आधी साबणाने हात धुवावेत. नळाची जाळी, रबरी नळी, बांधलेले फडके काढून पाणी दोन-तीन मिनिटे पूर्ण धारेने वाहू द्यावे. मग नळ बंद करून, धातूचा असल्यास स्पिरिटच्या पेटत्या बोळ्याने तोंड शेकावे (स्पिरिटची बाटली दूर ठेवून!), प्लॅस्टिकचा असल्यास स्पिरिटने नुसता पुसावा. पुन्हा थोडे पाणी सोडून मध्यम धारेवर बाटली भरावी. झाकण हातातच, तोंड खाली करून धरावे. खिशात टाकू नये. वर इंचभर जागा मोकळी राहू द्यावी.

लेबलावर ठिकाण, तारीख, वेळ आणि पावडर केव्हा टाकली ते लिहावे. बाटली पिशवीत बांधून बर्फाच्या डब्यात ठेवावी. वितळलेले पाणी झाकणाला लागता कामा नये. शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत ती पोचवावी. कोकणातून रात्रीच्या एसटीने मुंबईला नमुना नेणाऱ्यांनी आधी फोन करावा. जंतू वाढवून पाहण्यास एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे सुट्टीच्या तोंडावर आलेला नमुना परत जाऊ शकतो. रासायनिक तपासणीची बाटली निराळी असते, तीही त्याच फोनवर मागून घ्यावी.