गाडीचे खरे ॲव्हरेज

मोटार घ्यायची म्हटली की माणूस पहिला प्रश्न कोणता विचारतो? रंग कोणता, हे नंतर. माणसे किती बसतात, हेही नंतर. आधी तो विचारतो, "ॲव्हरेज किती देते?"

ॲव्हरेज म्हणजे काय? एक लिटर तेलात गाडी किती किलोमीटर पळते, तो आकडा. प्रश्न बरोबर आहे. कारण गाडी एकदाच विकत घेतो, पण तेल रोज विकत घ्यावे लागते.

समजा, खारघर गावात एका घरी दोन भाऊ आहेत. त्यांच्या वडिलांची भातशेती होती. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई वसू लागली. खारघर, ओवे, मुर्बी, कोपरा, बेलपाडा या गावांच्या शेतांवर रस्ते आले, उंच इमारती आल्या. शेती गेली. आता भावांनी ठरवले आहे की बँकेचे कर्ज काढायचे, एक लहान गाडी घ्यायची आणि ती भाड्याने लावायची.

धाकटा म्हणतो, "दादा, कागदावर बावीसचे ॲव्हरेज लिहिले आहे. महिन्याला बावीसशे किलोमीटर धावली तर शंभर लिटर तेल लागेल. हिशेब सोपा आहे."

थोरला म्हणतो, "लिहिलेले सगळेच खरे असते का रे?"

थोरल्याची शंका रास्त आहे. गाडी रस्त्यावर आली आणि तिने बावीसऐवजी पंधराच दिले, तर काय होईल? त्याच बावीसशे किलोमीटरला शंभर लिटरऐवजी १४७ लिटर तेल लागेल. लिटरचा भाव १०० रुपये धरा. म्हणजे महिन्याला ४,७०० रुपये जास्तीचे गेले. कर्जाचा हप्ता भरायचा तो याच पैशातून. हप्ता चुकला की गाडीही जाते आणि पतही जाते. म्हणून हा आकडा येतो कुठून, ते आपण नीट समजून घेऊ.

कागदावरचा आकडा

नव्या गाडीची चाचणी घ्यावी लागते. अशी चाचणी घेणारी एक मोठी संस्था आपल्या पुण्यातच आहे. तिचे नाव ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. लोक तिला थोडक्यात एआरएआय म्हणतात. ती १९६६ साली निघाली.

चाचणी होते ती बंद खोलीत. गाडीची चाके लोखंडी रुळांवर ठेवतात. चाके फिरतात, खालचे रूळ फिरतात, पण गाडी जागची हलत नाही. केव्हा वेग वाढवायचा, केव्हा थांबायचे, हे सगळे आधीच ठरलेले असते. ही चाल सुमारे वीस मिनिटांची असते. वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. तिथे खड्डा नाही, चढ नाही, समोरचा वारा नाही. एसीही बंद असतो. या चाचणीतून जो आकडा निघतो, तोच कागदावर येतो.

मग ही चाचणी खोटी म्हणायची का? तसे नाही. सगळ्या गाड्यांना एकच माप लावले, तर दोन गाड्यांची तुलना करता येते. आपण बियाण्याची पिशवी घेतो. तिच्याबरोबर एकरी उतारा सांगतात. तो उतारा चांगल्या जमिनीत, वेळेवर पाणी आणि खत घालून निघालेला असतो. आपल्या खाचरात तेवढा निघेलच असे नाही. पण दोन वाणांत उजवा कोणता, हे त्यावरून कळते. गाडीच्या आकड्याचेही तसेच आहे. तो तुलना करायला उपयोगी आहे. घरखर्च बांधायला उपयोगी नाही.

तेल जाते कुठे?

आता गाडी खारघरच्या रस्त्यावर आणू. सकाळी गाडी घरून निघाली. उत्सव चौकात गर्दी, म्हणून थांबली. पुढे सिग्नल, पुन्हा थांबली. मग सायन-पनवेल महामार्गाला लागली. तिथेही वाहनांची रांग.

जड गाडी जागची हलवायला तेल लागते. वेग आला की आपण ब्रेक दाबतो. म्हणजे तेल जाळून कमावलेला वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जातो. पुन्हा निघायचे, पुन्हा थांबायचे. पैसे देऊन वस्तू घ्यावी आणि लगेच टाकून द्यावी, तसला हा प्रकार.

गाडी उभी असली तरी चालू इंजिन तेल पीतच असते. लहान गाडी नुसती उभी राहून तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पिते. त्या वेळात ती एक किलोमीटरही पुढे जात नाही.

जवळच्या फेऱ्यांचे आणखी एक दुखणे आहे. चूल पेटून तापेपर्यंत लाकूड जास्त जाते ना? इंजिनाचेही तसेच. थंड इंजिन पहिले काही किलोमीटर जास्त तेल खाते. घरातून स्टेशन आणि स्टेशनवरून घर, एवढेच करणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापतच नाही.

एसी इंजिनाच्याच जोरावर चालतो. टायरमध्ये हवा कमी असली की चाक जड फिरते. डिकीत नको ते सामान भरून ठेवले की तेही गाडीला ओढावे लागते. अशा दहा ठिकाणी थोडे थोडे तेल जाते आणि बावीसचे पंधरा होतात.

"मग मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवली की ॲव्हरेज वाढेल," असे कोणी म्हणेल. वाढेल, पण जपून चालवली तरच. कळंबोलीहून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. तिथे सिग्नल नाही. पण तिथे हवा आडवी येते. ताशी ५० किलोमीटरला हवेचा जेवढा रेटा असतो, त्याच्या चौपट रेटा ताशी १०० ला असतो. वेग दुप्पट, रेटा चौपट. हे बारीक अंकगणित तेलाच्या टाकीला बरोबर कळते. सरकारची पीसीआरए नावाची संस्था तेल वाचवण्याचे शिक्षण देते. ताशी ४५ ते ५५ किलोमीटरची एकसारखी चाल तेल वाचवते, असे ती सांगत आली आहे.

पेट्रोल की डिझेल?

आता भावांचा दुसरा वाद. धाकटा म्हणतो, "डिझेल गाडीच घेऊ. डिझेल स्वस्त, आणि ॲव्हरेजही जास्त."

डिझेल गाडी जास्त का पळते? सायकलला पंपाने हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही पाहिले असेल. हवा दाबली की तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराने याच गोष्टीचा उपयोग केला. त्याचे इंजिन १८९७ साली नीट चालू लागले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून तेल पेटवतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. हवा इतकी दाबतात की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. पेट्रोल इंजिन हवा साधारण दहा पटींनी दाबते, तर डिझेल इंजिन सोळा-सतरा पटींनी. जास्त दाबल्यामुळे त्याच तेलातून जास्त काम निघते. शिवाय डिझेल जड असते. एक लिटर पेट्रोल सुमारे ७४० ग्रॅम भरते आणि एक लिटर डिझेल सुमारे ८३० ग्रॅम. म्हणजे लिटर तोच, पण त्यात मालच जास्त. म्हणून डिझेल गाडी लिटरमागे चौथ्या हिश्श्याने, कधी त्याहूनही जास्त पळते.

पण फायदा किती, हे गाडी किती धावते त्यावर ठरते. एक हिशेब करू. पेट्रोल गाडी १५ चे ॲव्हरेज देते आणि डिझेल गाडी २० चे. पेट्रोल १०० रुपये लिटर धरा आणि डिझेल ९० रुपये. डिझेल गाडी घेताना १,३०,००० रुपये जास्त मोजावे लागतात, असे समजा.

घरची गाडी वर्षाला ६,००० किलोमीटर धावते. पेट्रोल ४०० लिटर लागेल. त्याचे ४०,००० रुपये. डिझेल ३०० लिटर लागेल. त्याचे २७,००० रुपये. वर्षाला १३,००० रुपये वाचले. म्हणजे वरचे पैसे वसूल व्हायला दहा वर्षे लागली!

भाड्याची गाडी वर्षाला २४,००० किलोमीटर धावते. पेट्रोलला १,६०,००० रुपये लागतील आणि डिझेलला १,०८,०००. वर्षाला ५२,००० रुपये वाचले. वरचे पैसे अडीच वर्षांत वसूल.

पाहा, गाड्या त्याच, पण उत्तर वेगळे. डिझेल गाडीची देखभालही सहसा महाग पडते. तोही खर्च धरायला हवा.

एक गोष्ट आणखी ध्यानात ठेवा. टाटांची इंडिका १९९८ साली आली, तेव्हापासून लहान डिझेल गाड्या आपल्याकडे पुष्कळ झाल्या. पण १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले. लहान डिझेल इंजिन त्या नियमात बसवणे महाग पडू लागले. मारुतीने डिझेल गाड्या करणे तेव्हाच बंद केले. आता नव्या लहान डिझेल गाड्या फार थोड्या मिळतात. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. गाडी नुसती जवळच्या फेऱ्या करत राहिली तर ती जाळी तुंबते. म्हणून कमी फिरणाऱ्याने डिझेलच्या मोहात पडू नये. सीएनजी गाडीचा विचार असेल, तर हिशेब असाच करायचा. फक्त लिटरच्या जागी किलो धरायचा.

आपला आकडा आपण काढावा

खरे ॲव्हरेज कागद सांगत नाही, शेजारी सांगत नाही. ते आपली वहीच सांगते. रीत सोपी आहे.

पंपावर टाकी भरून घ्या. नळी आपोआप बंद होते, तिथेच थांबा. आणखी घालू नका. गाडीच्या मीटरवरचा किलोमीटरचा आकडा वहीत लिहा. मग रोजच्यासारखी गाडी चालवा. पुन्हा तेल घ्यायची वेळ आली की शक्यतो त्याच पंपावर जा. पुन्हा टाकी तशीच भरा. या वेळी किती लिटर तेल बसले, ते लिहा. मीटरचा नवा आकडाही लिहा.

समजा, आधीचा आकडा ४२,३१० होता. नवा आकडा ४२,७४२ आहे. वजाबाकी करा. गाडी ४३२ किलोमीटर धावली. तेल बसले २७ लिटर. ४३२ ला २७ ने भागा. उत्तर १६.

एका वेळच्या उत्तरावर विसंबू नका. तीन वेळा करा. पहिल्या वेळी ४३२ किलोमीटर आणि २७ लिटर. दुसऱ्या वेळी ३९० किलोमीटर आणि २६ लिटर. तिसऱ्या वेळी ३७८ किलोमीटर आणि २७ लिटर. सगळे मिळून १,२०० किलोमीटर आणि ८० लिटर. भागाकार केला की उत्तर १५. हे तुमच्या गाडीचे, तुमच्या रस्त्यावरचे खरे ॲव्हरेज. खर्च बांधायचा तो यावरच.

वहीचा आणखी एक फायदा आहे. पंधरा देणारी गाडी एकाएकी बारावर आली, तर समजावे की काहीतरी बिघडले आहे. टायरची हवा पाहा. ब्रेक घासतो का, ते पाहा. हवेची जाळी साफ करून घ्या. दुखणे लहान असतानाच कळले की खर्चही लहानच होतो.

आता एक सावधगिरीची गोष्ट. बोरघाट उतरताना काही जण तेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. असे कधीही करू नका. सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. शिवाय यात तेलही वाचत नाही. आजच्या गाड्यांत, गिअर टाकलेला असताना उतारावर पाय काढला की इंजिनाला तेल जाणेच बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला तेल लागतेच. तेव्हा उतारावर गिअरमध्येच राहावे. त्यात जीवही वाचतो आणि तेलही.

आपल्या दोघा भावांनी काय करावे? गाडी घेण्याआधी तशीच गाडी आपल्याच भागात चालवणाऱ्या दोन-चार जणांना भेटावे. वही ठेवणारा कोणी असेल तर त्याची वही पाहावी. कागदावरच्या आकड्यातून चौथा-तिसरा हिस्सा कमी करून मगच हप्त्याचा हिशेब मांडावा. त्या हिशेबात हप्ता बसला, तर गाडी जरूर घ्यावी. नाही बसला, तर थांबावे.

तुम्ही आता वाचायला शिकलात, वजाबाकी आणि भागाकार शिकलात. हे शिकणे वर्गापुरते ठेवू नका. दोन आण्यांची विद्याही व्यवहारात उतरली तर हजारो रुपये राखते.

करून पाहा
एका गाडीच्या मीटरवर आधी १८,२५० हा आकडा होता. पुन्हा टाकी भरताना १८,६१० हा आकडा आला. तेल बसले २० लिटर. गाडीचे ॲव्हरेज किती?
(उत्तर : १८)