भ्रमणध्वनीतील छायाचित्रे संगणकावर उतरविणे

प्राथमिक शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टर असते, हजेरीपत्रके असतात, आणि शिक्षक बदलून गेला तरी ही कागदपत्रे शाळेतच राहतात. गेल्या काही वर्षांत शाळेच्या दप्तरात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. ती म्हणजे छायाचित्रे. ध्वजवंदन, वृक्षारोपण, पोषण आहार, क्रीडास्पर्धा, १२ जानेवारीची जिजाऊ जयंती, या सर्वांची छायाचित्रे शिक्षक आपल्या भ्रमणध्वनीत टिपतात. परंतु हे दप्तर शाळेच्या कपाटात नसून शिक्षकाच्या खिशात असते. फोन पाण्यात पडला, हरवला, किंवा शिक्षकाची मोताळ्याहून लोणारला बदली झाली, म्हणजे त्याबरोबर शाळेची कित्येक वर्षे निघून जातात. ही छायाचित्रे संगणकावर उतरवून शाळेच्या स्वाधीन करणे हे काम अवघड नाही. ते कसे करावे व करताना कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती शिक्षकबंधूंना व भगिनींना करून देण्याचा येथे हेतू आहे.

साध्या छायाचित्राचे मोल किती असते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. उल्कापाताने निर्माण झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या लोणारच्या विवरातील सरोवराचे पाणी एरवी हिरवट दिसते. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले. पाण्याच्या नमुन्यांची तपासणी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत झाली, आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे दिसून आले. पुढे तो रंग ओसरला. आज विद्यार्थ्यांना तो दाखवावयाचा असेल, तर त्या दिवसांत घेतलेल्या छायाचित्रांखेरीज दुसरे साधन नाही. आणि छायाचित्रावर तारीख नसेल, तर पाणी केव्हा पालटले हे त्यावरून सांगता येणार नाही. गावची विहीर, शाळेची जुनी इमारत, यंदा लावलेले रोप, या सर्वांना हाच न्याय लागू आहे.

पूर्वतयारी

फोनला जोडावयाची केबल प्रथम तपासावी. काही स्वस्त केबलींत केवळ वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात. माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात. अशा केबलीने फोनची बॅटरी भरते, परंतु संगणकाला फोन दिसत नाही. पुष्कळ शिक्षक अशा वेळी संगणक बिघडला असे समजतात. दोष मात्र केबलीचा असतो. शक्यतो फोनबरोबर मिळालेली केबल वापरावी.

कामाची कृती

१. संगणक सुरू करून केबलीने फोन जोडावा व फोनचे कुलूप उघडावे. पडदा कुलूपबंद असेल तर संगणकावर फोनचे नाव दिसते, पण आत काहीच दिसत नाही.

२. अँड्रॉइड फोन जोडताच केवळ बॅटरी भरू लागतो. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढावे, यूएसबीसंबंधीच्या सूचनेवर बोट ठेवावे आणि येणाऱ्या यादीतून ‘फाइल ट्रान्सफर’ हा पर्याय निवडावा. आयफोन असल्यास ‘या संगणकावर विश्वास ठेवावा काय’ अशा अर्थाचा प्रश्न येतो. त्यास होकार द्यावा.

३. विंडोज प्रणालीच्या संगणकावर ‘धिस पीसी’ उघडावे. तेथे फोनचे नाव दिसेल. त्यात अनुक्रमे ‘इंटर्नल स्टोरेज’, ‘डीसीआयएम’ व ‘कॅमेरा’ हे फोल्डर उघडावे. फोनच्या कॅमेऱ्याने घेतलेली छायाचित्रे येथे असतात. आयफोनमध्ये ‘डीसीआयएम’च्या आत निराळ्या नावांचे फोल्डर असतात, ते एकेक उघडून पाहावे.

४. हवी ती छायाचित्रे निवडावी. सर्वच हवी असल्यास ‘कंट्रोल’ ही कळ दाबून ठेवून ‘ए’ दाबावे. नंतर ‘कंट्रोल’ व ‘सी’ यांनी प्रत घ्यावी, संगणकावर शाळेच्या नावाचे फोल्डर उघडावे आणि ‘कंट्रोल’ व ‘व्ही’ यांनी ती प्रत तेथे ठेवावी. काम पूर्ण होईपर्यंत केबल हलवू नये.

येथे एक नियम कटाक्षाने पाळावा. छायाचित्रे ‘कट’ करून हलवू नयेत. नेहमी ‘कॉपी’ करावी. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. हलविण्याचे काम अर्ध्यावर तुटल्यास काही चित्रे इकडे, काही तिकडे, व एखादे दोन्हीकडून नाहीसे, असा घोळ होऊ शकतो. प्रत घेताना वीज गेली, तर मूळ चित्र फोनमध्ये जसेच्या तसे असते आणि काम पुन्हा करता येते.

पडताळणी

प्रत झाली म्हणजे काम संपले असे मानू नये. फोनमधील व संगणकावरील छायाचित्रांची संख्या ताडून पाहावी. आरंभीचे, मधले व शेवटचे चित्र उघडून पाहावे. ही पडताळणी झाल्यावर, आणि पुढे सांगितलेली दुसरी प्रत तयार झाल्यावरच, फोनमधील जागा मोकळी करावी. हजेरीची बेरीज आपण दोनदा करतो, त्यातलाच हा प्रकार आहे.

व्हॉट्सअ‍ॅप व ब्लूटूथ

पुष्कळ शिक्षक छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपने स्वतःस पाठवून संगणकावर उघडतात. तातडीच्या कामास हे ठीक आहे; जतन करण्यास नव्हे. या मार्गाने पाठविलेले चित्र आकाराने लहान केले जाते, आणि ते केव्हा घेतले याची कॅमेऱ्याने चित्रातच केलेली नोंद गळून पडते. हाच मार्ग घ्यावा लागला, तर चित्र ‘डॉक्युमेंट’ या पर्यायाने पाठवावे. मग मूळ चित्र जसेच्या तसे पोहोचते. ब्लूटूथने चित्र बिघडत नाही, पण वेळ फार जातो. प्रत्येकी ४ एमबीची २०० छायाचित्रे म्हणजे ८०० एमबी होतात. त्यांस ब्लूटूथने तासभर लागू शकतो. केबलीने ते काम काही मिनिटांत होते.

नोंद व मांडणी

चित्र केव्हा घेतले हे पाहण्यासाठी संगणकावर त्या चित्रावर माऊसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ व त्यात ‘डिटेल्स’ पाहावे. ‘डेट टेकन’ समोरील तारीख खरी मानावी. फोल्डरमध्ये दिसणारी तारीख पुष्कळदा प्रत घेतल्याची असते. फोल्डरला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस व शेवटी प्रसंग लिहावा. उदाहरणार्थ, ‘२०२५-०१-१२ जिजाऊ जयंती’. असे केल्याने सर्व फोल्डर आपोआप कालक्रमाने लागतात आणि नवा शिक्षकही हवे ते चित्र क्षणात काढू शकतो. चित्रात कोणती इयत्ता व कोणते स्थळ आहे, हे दोन ओळींत लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवावे. वीस वर्षांनी ते सांगणारा माणूस तेथे असेलच असे नाही.

संगणकही बिघडतो, म्हणून दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी व ती संगणकापासून दूर, शाळेच्या कपाटात ठेवावी. वरील हिशेबाने ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर सुमारे आठ हजार छायाचित्रे मावतात. ज्या शाळेत संगणक नाही, तेथील शिक्षकांनी केंद्रशाळेत किंवा गटसाधन केंद्रात हे काम करावे; परंतु काम संपताच त्या संगणकावरील प्रत न विसरता काढून टाकावी. मुलांची छायाचित्रे हा त्यांच्या पालकांनी आपल्यावर टाकलेला विश्वास आहे. पालकांच्या संमतीवाचून ती बाहेर प्रसिद्ध करू नयेत, आणि परक्या संगणकावर तर मुळीच ठेवू नयेत.

महिन्याचा एक दिवस या कामासाठी ठरवून ठेवावा, म्हणजे साठलेल्या चित्रांचे ओझे होणार नाही. वरच्या वर्गातील मुलांना शेजारी बसवून हे काम दाखवावे. ती लवकर शिकतात. आज पहिलीत बसलेले मूल उद्या आपल्या मुलाचे नाव घालण्यास याच शाळेत येईल. जनरल रजिस्टरात त्याला स्वतःचे नाव सापडेल, त्याच वेळी त्याचा त्या वर्षीचा चेहराही त्याला दाखविता यावा, एवढी तजवीज करणे आपल्या हाती आहे.