शरदाची शोभा, घरच्या हातांनी

आश्विन उजाडला की आकाश निवळते. चार महिने भिंतींना धरून बसलेली ओल सुकू लागते, अंगणातला चिखल थरतो, शेतात भाताच्या लोंब्या भरतात आणि कुंपणाशी झेंडू फुलू लागतो. घराने पावसाळी मरगळ झटकून नवे रूप घ्यावे, असे याच दिवसांत वाटते. आपल्या देशात नवरात्रापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत घर सजवण्याची जी धांदल असते, तिच्या मुळाशी ऋतूचीच ही हाक आहे.

परंतु याच दिवसांत गृहिणीच्या वहीतला खर्चाचा रकानाही लांबत जातो. मुलांचे कपडे, फराळाचे जिन्नस, भाऊबीज, पाहुण्यांची ये-जा. त्यात बाजारातले तयार कंदील, प्लॅस्टिकची तोरणे आणि विजेच्या माळा यांची भर पडते. ऋण काढून सण करू नये, हे आपल्याला ठाऊक असते. पण शेजारच्या दारावर झगमगाट दिसला आणि मुलांचे डोळे तिकडे वळले, की ते शहाणपण टिकत नाही. अशा वेळी आपण स्वतःला एकच प्रश्न विचारावा : घराला शोभा येण्यासाठी जे लागते, त्यातले किती आपल्या घरातच पडून आहे?

या प्रश्नाचे उत्तर मला लहानपणीच मिळाले. १९७८ सालची गोष्ट. मध्य प्रदेशातल्या एका रेल्वे वसाहतीत आम्ही राहत होतो. त्या वर्षी भाद्रपदात माझा धाकटा भाऊ विषमज्वराने अंथरुणाला खिळला. औषधपाण्यात घरची शिल्लक संपली. दिवाळी तोंडावर आली तेव्हा आईने आम्हांला जवळ बसवून सांगितले, "यंदा नवे काही नाही. कंदीलही नको." कपडे नाहीत याचे मला फारसे वाटले नाही, पण अंधाऱ्या ओसरीची कल्पना सहन होईना. आजारी भाऊ खाटेवरून ओसरीच्या त्याच कोपऱ्याकडे पाहत असे. वडील काही बोलले नाहीत. त्या रात्री त्यांनी मोडक्या टोपलीचा बांबू सोलायला घेतला.

चोवीस काड्यांचा कंदील

तो कंदील कसा झाला ते सांगते. आपल्यालाही तो एका सुटीच्या दिवशी करता येईल. बांबूच्या सारख्या जाडीच्या चोवीस कामट्या घ्याव्यात, प्रत्येक २० सेंटिमीटर लांबीची. चार-चार कामट्यांची टोके दोऱ्याने बांधून सहा चौकोन करावेत. चौकोन ढिला पडू नये म्हणून प्रत्येकात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी कामटी बांधावी. ती सुमारे २८ सेंटिमीटरची लागते. आता चार चौकोन टोकावर उभे धरून त्यांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधले, की एक कडे तयार होते. त्याची वर आलेली चार टोके पाचव्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना आणि खालची चार टोके सहाव्याच्या कोपऱ्यांना बांधावीत. चौकोनांच्या मधून आठ त्रिकोण आपोआप उमटतात आणि पारंपरिक कंदिलाचा सांगाडा उभा राहतो.

पतंगाचे तीन ताव पुरतात. बाजूचे चार चौकोन एका रंगाने आणि आठ त्रिकोण दुसऱ्या रंगाने मढवावेत. कागद चारी बाजूंनी दीड सेंटिमीटर जास्त कापून तो कामटीवर मुडपून चिकटवावा. चिकटवण्यासाठी कणकेची किंवा मैद्याची पातळ खळ शिजवावी. ती टिकावी म्हणून पूर्वी काही जण तिच्यात मोरचूद घालीत. पण मोरचूद विषारी आहे आणि हे काम मुलांच्या हातून व्हायचे आहे, तेव्हा तो टाळून रोज ताजी खळ करणे बरे. वरचा आणि तळाचा चौकोन उघडा ठेवावा, म्हणजे उष्णता वर निघून जाते. वरच्या तिरप्या कामटीला कंदील टांगावा आणि खालच्या कडांना कागदाच्या झिरमिळ्या लावाव्यात. आत कमी वॅटचा एलईडी दिवा सोडावा; तो फारसा तापत नाही. कागदी कंदिलात उघडी ज्योत मात्र ठेवू नये.

आमच्या त्या कंदिलाच्या झिरमिळ्या भावाने खाटेवर बसून कापल्या. आजारातून उठल्यानंतर त्याने हाती घेतलेले ते पहिले काम. त्या सरळ नव्हत्या, दोन तर अर्ध्यावरच फाटल्या. पण आईने त्यांतली एकही बदलली नाही.

दोन शेजारघरे

त्या वसाहतीत डाव्या हाताला बंगाली कुटुंब होते, उजवीकडे तमिळ. आमच्या घरची तंगी दोघांनाही ठाऊक होती. पण कुणी ती बोलून दाखवली नाही. कोजागरीच्या दिवशी बंगाली माशीमांनी मला हाक मारून त्यांच्या उंबऱ्याशी बसवले. त्या रात्री बंगालात लक्ष्मीची पूजा असते आणि दारापासून पूजेच्या जागेपर्यंत लक्ष्मीची पावले काढतात. या आलिंपनाला, म्हणजेच 'आल्पना'ला, वाटीभर तांदूळ पुरतात. ते दोन तास भिजवून बारीक वाटावेत आणि दुधाइतके पातळ करावेत. जुन्या धोतराची चिंधी त्यात बुडवून मुठीत धरावी आणि अनामिकेवरून ओघळणाऱ्या धारेने रेघ ओढावी. ओली असताना रेघ पुसट दिसते. नवशिक्या मुली घाबरून ती पुन्हा गिरवतात आणि चित्र बिघडवतात. धीर धरावा, वाळली की ती पांढरीशुभ्र उमटते. लाल सिमेंटच्या किंवा शहाबादी फरशीवर ती फार खुलते. बायकांच्या व्रतांतून आलेल्या या कलेवर अवनींद्रनाथ ठाकुरांनी 'बांग्लार ब्रत' या पुस्तकात लिहिले आहे, ते मी पुष्कळ वर्षांनी वाचले. माझी पहिली शिकवणी मात्र माशीमांच्या उंबऱ्यावरच झाली.

उजवीकडच्या मामींकडे नवरात्रात 'कोलू' मांडला जाई. विषम संख्येच्या पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडायच्या, अशी ही रीत तमिळनाडूत आहे. कर्नाटक आणि आंध्रातही ती वेगळ्या नावांनी आढळते. मामींच्या पायऱ्या म्हणजे लोखंडी ट्रंका, लाकडी खोकी आणि जाडजूड पुस्तके. वर धुतलेली पांढरी चादर. सर्वांत वरच्या पायरीवर लाल लाकडाची 'मरप्पाची' जोडी असे. ही जोडी मुलीला लग्नात माहेरहून मिळते. दरवर्षी निदान एक तरी नवी बाहुली मांडावी असा रिवाज, बाकीच्या जुन्याच. कुणाचा रंग उडालेला, कुणाचा हात पुन्हा चिकटवलेला. मामी म्हणत, "जुनी बाहुली टाकायची नसते, तिला वय असते." घरातल्या जुन्या वस्तूंकडे पाहण्याची ही दृष्टी आपणही घ्यावी. आजोबांची पितळी दौत, आजीचा अडकित्ता, पानाचा डबा, लहानपणीची लाकडी ठकी या वस्तू चिंच लावून घासाव्यात किंवा पुसून घ्याव्यात आणि स्वच्छ चादरीच्या दोन पायऱ्यांवर मांडाव्यात. विकत आणलेल्या शोपीसला नसते ती कथा त्यांच्यापाशी असते, आणि पाहुणे ती ऐकायला बसतात.

माती, फूल, कणीस

ही केवळ एका वसाहतीची रीत नव्हे. आपल्या देशात कोठेही पाहावे, शरदातली घरची सजावट हाताशी असलेल्या जिनसांतूनच झालेली दिसते. झारखंडात हजारीबागच्या परिसरात दिवाळीच्या सुमारास सोहराई सण येतो, तेव्हा स्त्रिया मातीच्या भिंतींवर पशुपक्षी आणि वेली रंगवतात. काळी, तांबडी, पिवळी आणि पांढरी हे चारही रंग तिथल्या मातीतलेच. कुंचला म्हणजे चावून मऊ केलेली काडी किंवा कापडाचा बोळा. तिथल्या सोहराई आणि खोवर चित्रकलेला २०२० साली भौगोलिक मानांकन मिळाले. राजस्थान आणि माळव्यात शेण-मातीने सारवलेल्या जमिनीवर गेरू आणि खडूने 'मांडणे' रेखतात. हरियाणा-पंजाबात नवरात्रात मुली भिंतीवर मातीच्या चांदण्या चिकटवून सांझी देवी घडवतात. बिहारात दिवाळीला मुली मातीचा 'घरौंदा' बांधतात; आपल्याकडची मुले किल्ला करतात, त्याचे हे भावंडच म्हणायचे.

छत्तीसगडात नव्या भाताच्या लोंब्या गुंफून त्यांची झालर दारावर टांगतात. आपल्या कोकणातही दसऱ्याला नव्या लोंब्या आंब्याच्या पानांसह दाराला बांधतात. झालरीचे दाणे चिमण्या टिपून नेतात आणि सण संपेतो झालर रिकामी होते. सजावट संपली की तिचे काय करायचे, हा प्रश्नच उरत नाही. प्लॅस्टिकच्या तोरणाचा प्रश्न मात्र सणानंतरच सुरू होतो.

आपल्या घरी काय करता येईल?

आपण शहरात दोन खोल्यांत राहत असाल, तरी पुढच्या गोष्टी सहज जमण्यासारख्या आहेत.

*कुंड्या :* शेवाळलेल्या मातीच्या कुंड्या ब्रशाने घासून वाळवाव्यात. त्यांवर गेरू पाण्यात कालवून एक हात द्यावा. वाळल्यावर काठाखाली चुन्याची किंवा खडूची एक पांढरी पट्टी ओढावी. बाल्कनीचे रूप पालटायला एवढे पुरते.

*कापडी तोरण :* जुन्या साडीचे पदर आणि काठ टाकू नयेत. ९० सेंटिमीटर रुंदीच्या दारासाठी काठाची तेवढीच पट्टी घ्यावी. तिच्याखाली १३ सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर लांब अशी सात पाने, खालचे टोक निमुळते ठेवून, दुहेरी कापडाची शिवावीत. सौराष्ट्र-कच्छमधल्या भरतकामाच्या तोरणांना अशीच पाने असतात. एकदा केलेले तोरण पुष्कळ वर्षे चालते.

*झेंडू :* आज आपला वाटणारा हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तोरणातली चांगली वाळलेली चार फुले कागदी पुडीत जपून ठेवावीत. आषाढात ते बी कुंडीत टाकले, तर दोन-अडीच महिन्यांत, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, घरचे फूल मिळते. संकरित जातीचे फूल असेल तर पुढची फुले हुबेहूब तशीच येतील असे मात्र नाही. गावठी झेंडूवर भरवसा ठेवावा.

*पणत्या :* नव्या पणत्या पाच-सहा तास पाण्यात बुडवून, मग सुकवून वापराव्यात, म्हणजे त्या तेल पीत नाहीत. गेल्या वर्षीच्या तेलकट पणत्या धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळल्या की स्वच्छ होतात. वाती जुन्या सुती धोतराच्या कराव्यात.

*किल्ला :* विटा आणि दगड रचून त्यांवर जुने पोते पसरावे आणि चिखलाने लिंपावे. दिवाळीच्या पाच-सहा दिवस आधी त्यावर अळीव किंवा मोहरी पेरावी. लक्ष्मीपूजनाला किल्ल्यावर हिरवळ उगवलेली असते. जागा नसेल तर जुन्या परातीतही लहानसा डोंगर होतो.

यात खर्च होतो तो वेळेचा. तो एकट्या गृहिणीच्या माथी मारला जाऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. सणाच्या दिवसांत तिला आधीच उसंत नसते. कामट्या वडिलांनी सोलाव्यात, खळ मुलांनी शिजवावी, वाती आजोबांनी वळाव्यात. घरच्या सजावटीचा आनंद सर्वांनी घ्यायचा आणि कष्ट एकीने करायचे, ही काटकसर नव्हे.

आणखी एक. काटकसर म्हणजे प्रत्येक ठिकाणी हात आखडणे नव्हे. कुंभाराची पणती, बुरुडाचा बांबू, फुलवालीचा झेंडू यांचे मोल करताना घासाघीस करू नये. तयार झगमगाटावर वाचलेल्या पैशांतले चार पैसे त्यांच्याकडे गेले, तर आपल्याबरोबर त्यांच्याही दारी दिवा लागतो.

त्या वर्षीच्या दिवाळीत आमच्या ओसरीवर नवे म्हणावे असे फक्त तीन ताव कागद होते. उंबऱ्यावर मी काढलेले, थोडे वाकडे आल्पना होते आणि वर फाटक्या झिरमिळ्यांचा कंदील. नरकचतुर्दशीच्या पहाटे भाऊ प्रथमच भिंतीला धरून ओसरीपर्यंत चालत आला आणि कंदिलाखाली उभा राहिला. माशीमा आणि मामी दोघीही आपापल्या दारांतून पाहत होत्या. त्यानंतर मी पुष्कळ महागडे कंदील पाहिले. शरद आला की मी अजूनही बांबूच्या कामट्या शोधू लागते. आपणही यंदा एकदा शोधून पाहा. त्या घरातच कोठेतरी सापडतील.