धोंड्याचा महिना आणि आपली पुरुषोत्तमपुरी 🌙

बारा चांद्रमास म्हणजे साधारण ३५४ दिवस, सौरवर्ष मात्र ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. म्हणून ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही, तो अधिक मास, म्हणजेच धोंड्याचा महिना, धरतात. दिवाळी भर पावसाळ्यात सरकत नाही ती यामुळेच! ज्यू आणि चिनी पंचांगांतही जादा महिना असतो. हिजरीत तो नाही, त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो.

अधिक मासाचा देव पुरुषोत्तम. त्याचं गोदाकाठचं प्राचीन मंदिर आपल्याच बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीत आहे. यादव राजा रामचंद्राचा इ.स. १३१० चा ताम्रपटही इथलाच. अधिकात भाविक गोदास्नान करून देवाला पुरणाच्या धोंड्यांचा नैवेद्य दाखवतात.

२०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. लेक-जावयाला घेऊन दर्शनाला नक्की या!