मोठ्या तलावाचा गाळ आणि त्याची तरतूद

भांडवली खर्च आणि चालू खर्च यांतील भेद व्यापारी बांधवांस समजावून सांगण्याचे कारण नाही. दुकानाची इमारत एकदाच उभी राहते, डागडुजी मात्र दर वर्षीच्या खात्यावर पडते. आणि जी पेढी घसाऱ्याची तरतूद करीत नाही तिचा नफा केवळ कागदावरचा असतो. आपल्या भोपाळच्या मोठ्या तलावाचा हिशेब या दृष्टीने क्वचितच पाहिला जातो.

राजा भोजाने अकराव्या शतकात कोलांस नदीवर मातीचा बांध घालून हा तलाव निर्माण केला, असे परंपरा सांगते. १९६५ साली भदभदा येथे अकरा दरवाजांचे धरण झाले आणि जलसाठा वाढला. तलाव पूर्ण भरला म्हणजे पाण्याचा विस्तार सुमारे ३१ चौरस किलोमीटर होतो; त्याचे पाणलोट क्षेत्र मात्र ३६१ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ बारापट आहे. तेथील बरीचशी भूमी नांगराखालची असल्यामुळे प्रत्येक पावसाळ्यात शेतांची माती तलावात उतरते. हाच तलावाचा घसारा होय. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा सुमारे ४० टक्के भाग याच साठ्यातून येतो. पाणी गाळून पिणाऱ्या आपल्या समाजास याहून अधिक काय सांगावे?

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९९५ ते २००४ या काळात जपानच्या कर्जाऊ साहाय्याने भोज पाणथळ प्रकल्प पार पडला. त्यावर सुमारे २४७ कोटी रुपये खर्ची पडले. गाळ उपसला गेला, वृक्षारोपण झाले, माती अडविणारे बंधारे बांधले गेले, सांडपाणी वळविण्यात आले. २००२ साली या पाणथळास रामसर यादीत स्थान मिळाले. परंतु कर्ज हे भांडवल होय. त्यातून उपसलेला गाळ पुन्हा येणार नाही, अशी हमी कोणताही सावकार देत नाही.

पुढे २००९ च्या अवर्षणात तलाव आटून त्याचा तळ उघडा पडला, तेव्हा नागरिकांनी श्रमदानाने गाळ काढला. तो उत्साह स्तुत्य होता. परंतु दुष्काळ पडेल तेव्हाच तळ साफ करावयाचा, ही काही व्यवस्था नव्हे.

समुद्रकाठी हा प्रश्न निराळा असतो. मुंबईहून मांडव्यास जाणाऱ्या बोटींचा मार्ग खोल ठेवावा लागतो, पण तेथे प्रवासी भाडे देतो आणि निदान एक उत्पन्न डोळ्यांसमोर असते. आपल्या तलावावरील नौकाविहाराचे उत्पन्न कितीसे? त्यातही राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये येथील यांत्रिक नौकांस मनाई केली. निर्णय योग्यच होता. तथापि नौकांच्या पैशातून गाळ निघेल ही आशा त्यानंतर कोणी बाळगू नये. हा खर्च पाण्याच्या खात्यावरच पडला पाहिजे.

आणि तो वेळेवर पडला पाहिजे. पाणी ओसरून काठ कोरडा पडतो तो एप्रिल ते जूनच्या पूर्वार्धापर्यंत. त्या वेळी गाळ काढल्यास पाण्यात यंत्र घालावे लागत नाही, जलचरांची हानी कमी होते, आणि माती शेतकऱ्याच्या शेतावर परत नेता येते. परंतु सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होते. मंजुरी त्यानंतर आणि निविदा मंजुरीनंतर, असा क्रम राहिला तर कार्यादेश हाती पडेतो मृगाचा पाऊस आलेला असतो. म्हणून आपल्या मंडळाने शासनाकडे मागणी करावयाची असेल तर ती केवळ रकमेची नसावी. पुढील उन्हाळ्याच्या गाळाची निविदा आदल्या दिवाळीपूर्वी निघावी, एवढी स्पष्ट असावी.