आजीच्या ओव्या कॉम्प्युटरवर उतरवा

शिर्डीला द्वारकामाईत गेलात म्हणजे तेथे जपून ठेवलेले जाते दिसते. पटकीच्या दिवसांत साईबाबा स्वतः गहू दळायला बसले. गावच्या चार बाया पुढे झाल्या, त्यांनी खुंटा हाती घेतला आणि गाणी गात दळण उरकले. ते पीठ बाबांनी गावच्या शिवेवर टाकायला लावले. ही हकिकत गोविंद रघुनाथ दाभोलकरांनी ‘श्रीसाईसच्चरिता’च्या पहिल्याच अध्यायात सांगितली आहे. जाते राहिले, हकिकत राहिली. त्या बायांचा आवाज आणि त्यांची चाल मात्र आता कोणालाच ऐकायला मिळणार नाही.

आपल्या घरातही हेच चालले आहे. गावात गिरणी आली, बायकांचे पहाटेचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण जात्याबरोबर ओवीही कोपऱ्यात गेली. माहेरची आठवण, भावाची वाट, सासरचा जाच, जे बाईला चारचौघांत बोलता येत नव्हते, ते तिने जात्याला सांगितले. ते आज फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरले आहे.

आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी हे वेळीच ओळखले. १९८०च्या दशकापासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावी जाऊन ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्या कॉम्प्युटरवर नोंदवल्या गेल्या. हा साठा एक लाखाच्या वर गेला. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ त्यातील ओव्या आवाजासह प्रसिद्ध करू लागले. पण तुमच्या आजीची ओवी त्यात असेलच असे नाही. ती तुम्हीच उतरवायला हवी.

त्याला स्टुडिओ लागत नाही. मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला साधा लॅपटॉप पुरतो. ‘ऑडॅसिटी’ नावाचा प्रोग्रॅम २००० सालापासून फुकट मिळतो. तो कॉम्प्युटरवर घालून घ्यावा. लॅपटॉपमध्ये माईक असतोच; पण यूएसबीच्या तारेने जोडायचा वेगळा माईक मिळाला तर आवाज अधिक स्वच्छ येतो.

पैशापेक्षा खोलीकडे लक्ष द्यावे. रिकाम्या, पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. जिथे धान्याची पोती, गाद्या, कपडे आहेत अशी खोली निवडावी. भिंतीला एक-दोन गोधड्या टांगाव्यात. पंखा बंद करावा. लॅपटॉप चार्ज करून बॅटरीवरच चालवावा. विजेची घरघर येत नाही आणि मध्येच लाईट गेली तरी काम अडत नाही.

माईक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे श्वासाचा फटका बसत नाही. लाल बटण दाबल्यावर पडद्यावर आवाजाची पट्टी हलू लागते. ती उजव्या टोकाला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज मागाहून नीट दुरुस्त होत नाही. म्हणून सर्वांत मोठा स्वरही उणे ६ च्या खुणेच्या आतच राहू द्यावा.

सुरुवातीला दहा सेकंद कोणीही बोलू नये. त्या शांततेचा नमुना दाखवला की प्रोग्रॅम तसलीच बारीक घरघर साऱ्या गाण्यातून कमी करतो. हा उपाय मात्र बेताने करावा. जास्त केला तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो.

“आजी, म्हणा आता,” असे म्हटले की त्यांना काही आठवत नाही. त्यापेक्षा जात्याखाली घोंगडी घालून मूठभर दाणे टाकावे आणि खुंटा त्यांच्या हाती द्यावा. हात फिरू लागला की ओवी आपोआप येते. चुकल्या तरी मध्ये थांबवू नये. पुढे कानाला हेडफोन लावून तेच गाणे ऐकत टाळ किंवा एकतारी दुसऱ्या ट्रॅकवर भरता येते. मूळ आवाज जसाच्या तसा राहतो.

शेवटी दोन गोष्टी विसरू नका. गाण्याआधी गाणारीचे नाव, माहेर, सासर आणि तारीख तिच्याच तोंडून बोलून घ्या, आणि हे गाणे बाहेर कोणाला ऐकवायचे की नाही, तेही तिलाच विचारा. मूळ मुद्रण ‘वेव्ह’ प्रकारात ठेवा. एका माईकच्या साध्या मुद्रणाला मिनिटाला सुमारे ५ एमबी जागा लागते. पाहुण्यांना पाठवायला ‘एमपी३’ची छोटी प्रत काढा. एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी पेनड्राइव्हवर आणि तिसरी दुसऱ्या गावच्या लेकीकडे ठेवा.

बी-बियाणे आपण पुढच्या हंगामासाठी राखतोच. यंदाची सुगी उरकली की एक दुपार आजीसाठी राखा.