पतसंस्थेतील वसुली: दाखल्याआधीचे काम

ग्रामीण महाराष्ट्रातील सहकारी पतसंस्थेत, म्हणजे सभासदांच्याच ठेवींतून सभासदांना कर्ज देणाऱ्या संस्थेत, वसुली अधिकाऱ्याच्या पाठीशी कायदा भक्कमपणे उभा असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळाला, की थकबाकी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते आणि १९६१ च्या नियमावलीतील नियम १०७ नुसार मागणी नोटीस, जप्ती व लिलाव अशी कारवाई पुढे सरकते. तरीही या कामाचा खरा कस दाखल्याआधीच्या महिन्यांत लागतो. कारण प्रकरण लिलावापर्यंत गेले, की व्याज आणि खर्चाच्या भाराखाली कर्जदाराचे घर खचते आणि इतर सभासदांच्या ठेवींचा पैसाही अडकून पडतो.

ऐपत असून टाळणारा आणि खरोखरच देऊ न शकणारा यांतला फरक ओळखणे, हे या काळातले सर्वांत अवघड काम होय. केवळ बोलण्यावरून तो ओळखू येत नाही. टाळणारा पुष्कळदा गोड बोलून पुढची तारीख देतो, तर अडचणीत सापडलेला माणूस लाजेपोटी फोनच उचलत नाही. म्हणून जाणता अधिकारी घरात पैसा केव्हा आणि कोठून येतो याचा माग ठेवतो. डेअरीकडून बहुधा दर दहा दिवसांनी होणारा ‘दुधाचा पगार’, कारखान्याकडून येणारे उसाचे बिल, शहरात नोकरीला असलेल्या मुलाचे पैसे, या तारखांशी हप्ता जुळवून घेतला तर थकलेली रक्कम थोडी थोडी का होईना येऊ लागते. घरात काही नसताना केवळ मार्चअखेर आली म्हणून घातलेल्या खेपा मात्र फुकट जातात.

जामीनदाराकडे केव्हा जायचे, हा याहून नाजूक प्रश्न आहे. जामीनदार, म्हणजे कर्ज थकल्यास ते फेडण्याची हमी देणारा, कायद्याने सामान्यतः कर्जदाराइतकाच जबाबदार असतो. पण तो बहुतेक वेळा भाऊबंद किंवा सहकारीच असल्यामुळे त्याला अचानक नोटीस गेली, की दोन घरांत वितुष्ट येते. ती पाठवण्याआधी कर्जदाराला स्पष्ट कल्पना देणे हाच योग्य क्रम आहे, आणि अनेकदा तेवढ्यानेच तो स्वतः संस्थेत येऊन हप्ते बांधून घेतो.